बंद माइकसमोरचे अकॉर्डियन

"तुम्ही उचला, मी यायलोच मागून," असे म्हणून मास्तर मान किंचित वळवायचे आणि डावा कान गाणाऱ्याकडे करायचे. डोळे मात्र उघडे. डोळे मिटून वाजवणाऱ्यांचा त्यांना राग होता. "झोप यायली तर घरी जावं की," म्हणायचे.

उचला म्हणजे गाणे सुरू करा. कुठल्या पट्टीत, असे त्यांनी कधी विचारले नाही. गाणारा जिथून सुरू करेल तिथे पहिल्या ओळीतच त्यांची बोटे पोचलेली असत. आमच्या कॉलनीतल्या गाणाऱ्यांची पट्टी म्हणजे काय सांगावे? माणूस घाबरला की ती वर चढायची आणि घसा सुकला की खाली यायची. काही जण तर दुसऱ्या कडव्यात भलत्याच पट्टीत शिरायचे आणि त्यांना ते कळायचेही नाही, कारण मास्तर अकॉर्डियन घेऊन गुपचूप त्यांच्याबरोबर सरकलेले असत. घरी जाताना गाणारा म्हणायचा, "आज आवाज चांगला लागला." मास्तर म्हणायचे, "लागला की."

डावा कान पुढे करण्याचे कारण साधे होते. भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात त्यांची उमर गेली. लाल लोखंडावर घण आदळणाऱ्या त्या शेडने त्यांचा उजवा कान जवळजवळ नेला होता. लातूरकडच्या एका गावातून ते नोकरीसाठी इकडे चिंचवडला आले. वडील लग्नाच्या बँडमध्ये होते. अकॉर्डियन ही त्यांची तिकडून आणलेली एकमेव वस्तू, असे वहिनी सांगायच्या. "मला नंतर आणलं," असेही पुढे जोडायच्या.

आमची इमारत एकच. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या. मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. भाग मापात बसला की पास, नाही बसला की नापास. मधले काही नाही. घरातही मी तसाच आहे, असे बायको म्हणते. मास्तरांनी माझे नाव मापाडी ठेवले होते. जिन्यात दिसलो की, "काय मापाडी, आज किती नापास?"

एप्रिल आणि मे महिन्यांत, दर शनिवारी संध्याकाळी, कॉलनीमागच्या महापालिकेच्या बागेत गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. सिमेंटचा चौथरा, दोन कर्णे, वीजमंडळात काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने ओढलेली तार. ढोलकीवाला आकुर्डीहून यायचा, बाँगोवाला थेरगावातून. दोघेही कारखान्यांतले. दुसरी शिफ्ट असली की कुणाशी तरी बदलून घ्यायचे. गाणारे आम्हीच, म्हणजे आमच्यातले ज्यांना धीर होता ते. लोक सतरंज्या आणायचे, कलिंगड कापून आणायचे. कार्यक्रम चांगला होता असे मी म्हणणार नाही. निम्मे गाणारे कच्चे होते. पण जे काही होते ते तिथेच, आमच्यासमोर होत होते.

मास्तर साधे वगैरे अजिबात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. केसांना काळा रंग, अंगात बिस्किटी सफारी, बुटांना असे पॉलिश की बागेतली धूळ बसायला बिचकावी. खुर्चीला हात असलेले त्यांना चालत नसे, कारण अकॉर्डियनचा भाता उघडताना कोपर आपटते. हात नसलेली खुर्ची मिळेपर्यंत ते उभे राहायचे आणि संयोजकाकडे असे पाहायचे, की संयोजक स्वतःच्या घरची स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणायचा.

एकदा मे महिन्यात भर दुपारी मी त्यांना रस्त्यात पाहिले. अकॉर्डियन गोधडीत गुंडाळून छातीशी धरलेले, बाजूने वहिनी छत्री धरून चाललेल्या. छत्री अकॉर्डियनवर. मास्तरांचे डोके उन्हात, वहिनींचेही. मी म्हटले, "अहो, वहिनींना तरी सावली द्या."

"आत मेण असतंय, मापाडी. पितळी पट्ट्या त्याच्यानं चिकटवल्यात. ऊन लागलं की वितळतंय."

"आणि वहिनी?"

"ती काय मेणाची हाय व्हय?"

वहिनी म्हणाल्या, "विचारा त्यांना, लग्नात माझ्यावर छत्री धरली होती का." आणि छत्री जराही न हलवता त्या पुढे गेल्या.

तुम्हाला वाटेल, असा माणूस जुन्या गाण्यांना धरून बसलेला असणार. तसे नव्हते. जुन्याला धरून बसलेला मी होतो. नव्या सिनेमातले एक नाचाचे गाणे कॉलेजच्या मुलींनी मागितले तेव्हा मीच कपाळाला आठ्या घातल्या. मास्तरांनी ते गाणे एकीच्या मोबाइलवर डाव्या कानाला लावून ऐकले आणि वाजवले. नंतर मला म्हणाले, "गाणं काय बेअरिंग हाय व्हय, मापात बसवायला? पोरींनी मागितलं, पोरी नाचल्या. झालं."

म्हणून आता मी जे लिहिणार आहे ते नव्या गाण्यांबद्दल नाही. आमच्या मागच्या गल्लीतले दोन तरुण रॅप करतात. शब्द इतके भरभर येतात की मला निम्मे कळत नाहीत, आणि जे कळतात ते घरात बोलण्यासारखे नसतात. पण तोंड त्यांचे आणि आवाजही त्यांचाच. मी त्यांना पास करतो. मला किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

चैत्रात चाकणकडच्या गावांच्या यात्रा सुरू होतात. पूर्वी तिथे ऑर्केस्ट्रा असायचा आणि मास्तरांना बोलावणे यायचे. ती बोलावणी एकेक करून थांबली. शेवटी ज्या यात्रेला मी त्यांच्याबरोबर गेलो तिथे आम्ही श्रोते म्हणून गेलो होतो. ट्रकवर स्पीकरची भिंत उभी होती. आवाज कानाला लागतच नव्हता. थेट बरगडीत घुसत होता. जवळच्या देवळाच्या कौलांतून धूळ गळत होती आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्या पदराने ती प्रसादावरून झटकत होत्या. मंचावर रीलमधली एक प्रसिद्ध मुलगी ओठ हलवत होती. गाणे दुसरीच कोणी तरी कधी तरी गाऊन गेलेली. मुलगी ओठ हलवायची मधेच विसरली, केस सावरू लागली. गाणे चालूच राहिले. आणि समोरच्या हजारभर माणसांपैकी एकालाही त्याचे काही वाटले नाही. मास्तरांनी उजवा कान ट्रककडे केला आणि म्हणाले, "आता कळलं देवानं हा का नेला ते."

ते हसले. मी नाही हसलो.

नंतर बागेतले शनिवारही गेले. ढोलकीवाला निवृत्त होऊन गावी परतला, बाँगोवाल्याला अर्धांगवायू झाला. मास्तर घरी वाजवत बसायचे. तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने तक्रार टाकली, की तळमजल्यावरील वाद्याचा त्रास होतो. त्याच गृहस्थाच्या मुलाच्या हळदीला डीजेने आमच्या जिन्याची काच तडकवली होती. त्याबद्दल गटावर नाचाचे व्हिडिओ आले, तक्रार आली नाही. मास्तरांनी खिडक्या लावून वाजवायला सुरुवात केली. उन्हाळ्यात, तळमजल्यावर, खिडक्या बंद.

एकदा मी दारात उभा राहून म्हटले, "मास्तर, छान चाललंय."

"काय छान?" ते म्हणाले. "एकट्यानं वाजवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पुढं गाणारं माणूस पायजे. एकदा तरी परत पायजे, मापाडी. चार लोक बसलेत, पुढं कुणी तरी चुकायलंय, आन् मी मागून जायलोय. एकदाच."

त्यांना एवढेच हवे होते.

मग आमच्या वॉर्डात भाऊ उगवले. निवडणुकीला उभे राहण्याच्या तयारीत असलेला तरुण पुढारी. सगळे त्याला भाऊच म्हणतात, साठीचे लोकसुद्धा. भाऊंनी जाहीर केले की बागेतली उन्हाळी संध्याकाळ पुन्हा सुरू होणार. चौकाचौकात फलक लागले. फलकावर भाऊंचा चेहरा, खाली ठळक अक्षरांत 'लाइव्ह म्युझिक'. भाऊ स्वतः मास्तरांच्या घरी आले, पाया पडले, फोटो झाला. "काका, तुम्ही आमच्या कॉलनीची शान. स्टेजवर तुम्ही पायजेच."

मास्तरांनी केस रंगवले. माझ्या बायकोला निरोप पाठवला, "तुमचं गाणं धरलंय हं."

माझी बायको बालवाडीत शिकवते आणि दर उन्हाळ्यात एक गाणे म्हणायची. आवाज गोड, धीर कमी. अंतऱ्याआधी ती एक लांब श्वास घेते, कधी कधी इतका लांब की ऐकणाऱ्याला वाटावे, विसरली. इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण त्या श्वासाच्या जागी मास्तर काही तरी छोटेसे वाजवत राहायचे, तिचे होईपर्यंत.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी खुर्च्या मांडायला गेलो. चौथऱ्याच्या जागी पत्र्याचा मोठा मंच, मागे दिव्यांचा पडदा, ज्याच्यावर चित्रे हलतात तो. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक दाढीवाला तरुण यंत्रांसमोर होता. मंचावर मास्तर बसले होते, पुढे माइक उभा केलेला. मी पाहिले, माइकची वायर मागच्या बाजूला गुंडाळून ठेवली होती. कुठेच जोडलेली नव्हती.

"ही जोडायची राहिली," मी दाढीवाल्याला म्हटले.

"नाही काका, ती तशीच आहे. सगळं ट्रॅकवर चालणारे. पेनड्राइव्हमध्ये पूर्ण म्युझिक. काकांचं ते बॅकग्राउंडला, रेट्रो लूक."

"मग त्यांनी काय करायचं?"

"वाजवायचं ना! हात हलवायचे फक्त. जोरात नको, गाणाऱ्यांच्या माइकमध्ये येतं."

"आणि फलकावर लाइव्ह लिहिलंय ते?"

तो माझ्याकडे खरोखर न समजल्यासारखा पाहत राहिला. "काका, माणसं लाइव्हच आहेत की."

कारखान्यात नापास भागावर आम्ही लाल रंग मारतो, चुकून कुठे बसवला जाऊ नये म्हणून. इथे नापास मालाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मी मास्तरांजवळ गेलो आणि हळूच विचारले, "तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय."

"आणि तरी बसलात?"

ते बराच वेळ पट्टा नीट करत राहिले. मग म्हणाले, "बसायला तर मिळायलंय, मापाडी."

खरे सांगतो, त्या क्षणी मला त्यांचीही किळस आली. ज्या माणसाने हात असलेली खुर्ची कधी चालवून घेतली नाही, तो हे चालवून घेत होता. मी खुर्च्या मांडायला निघून गेलो.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदक ओरडत होता, "चिंचवडकर, आवाज कुठंय?" आणि लोक आवाज करत होते. एकामागून एक गाणारे आले, ट्रकसारख्या धडधडणाऱ्या ट्रॅकच्या मागे पळाले. मास्तर मागे बसून बोटे चालवत होते. भाता अगदी थोडा उघडत, आवाज येऊ नये इतपत. हात मात्र खोटे नव्हते. प्रत्येक गाण्याचे खरे सूर ते दाबत होते. हे पाहणारा बहुधा मी एकटाच असेन.

बायकोची पाळी आली. तिने घरी फोनवर ट्रॅक लावून पुष्कळ सराव केला होता. मुखडा जमला. अंतऱ्यापाशी तिने तो श्वास घेतला आणि ट्रॅक पुढे निघून गेला. ती मागे राहिली. दोन शब्द म्हणून थांबली, पुन्हा सुरू केले, ते भलत्याच ठिकाणी. तुम्ही धावत्या बसच्या मागे पळणारे माणूस पाहिले असेल. बसमधले लोक हसतात, तसे लोक हसू लागले. शिट्टी आली. पुढच्या रांगांतले फोन वर झाले. आतापर्यंत लोकांतल्या कुणाला चित्रण करावेसे वाटले नव्हते, आता वाटले. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी काय करणार होतो?

मास्तर उठले. अकॉर्डियन छातीवर घेऊन ते चालत तिच्याजवळ गेले, डावा कान तिच्याकडे केला आणि तिच्याच माइकपाशी भाता पूर्ण उघडला.

ती जिथे होती तिथे ते गेले. तिची पट्टी ट्रॅकच्या खाली होती. ते खालीच उतरले. थोडा वेळ दोन गाणी एकदम वाजत होती, एक पेनड्राइव्हमधले आणि एक या दोघांचे. मग तिने ट्रॅककडे लक्ष देणेच सोडले. तिचा आवाज लागला. पहिल्या काही रांगांमधली कुजबुज थांबली. मी शपथेवर सांगतो, थांबली. एक ओळ, दुसरी ओळ. मास्तरांचा चेहरा वर झाला होता आणि रंगवलेल्या केसांतून घाम काळा होऊन कानामागे उतरत होता. त्यांना जे एकदाच हवे होते ते चालले होते.

दाढीवाल्याने आधी ट्रॅक मोठा केला. तरी अकॉर्डियन ऐकू येतच होते, म्हणून त्याने बायकोचा माइक बंद केला.

ती दोघे तरी थांबली नाहीत. ओठ हलत होते, भाता उघडत-मिटत होता, आणि कर्ण्यांतून दुसरेच काही तरी धडधडत होते. गाणे संपले. निवेदक धावत आला. "अरे काय जोश आहे काकांचा! काकांसाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. भाऊंनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे रील आले. मास्तर उठतात, पुढे येतात, भाता उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा, खाली डीजेचा ठोका. कॉलनीतल्या प्रत्येक फोनवर ते फिरले. इमारतीच्या फाटकापाशी लोक छातीवर पिशवी धरून मास्तरांची नक्कल करू लागले. हसणाऱ्यांत मास्तरांच्या साथीवर वर्षानुवर्षे गायलेले लोकही होते. या गोष्टीची शिसारी माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

वहिनींच्या फोनवर मास्तरांनी ते पाहिले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी दोनदा पाहिले.

"उलटं केलंय की हे," ते म्हणाले. "आरशावानी. मी डाव्या हातानं पट्ट्या दाबायलोय." आणि हसले. मग फोन वहिनींना देऊन म्हणाले, "मापाडी, तुमच्या मिसेसना सांगा, अंतरा फस्टक्लास झाला."

"बाहेर ऐकू आला नाही," मी म्हटले.

"मला आला की."

पुढच्या शनिवारी त्यांना बोलावणे आले नाही. 'काका, तुम्ही आराम करा' असा निरोप आला, खाली हात जोडल्याचे चित्र. त्यांनी आराम केला. हिवाळ्यात छातीत कफ साठला, दवाखाना झाला, घरी आले आणि एका सकाळी गेले. भाऊ खांदा द्यायला होते. फोटो झाला.

यंदाच्या उन्हाळ्यात पहिलाच कार्यक्रम मास्तरांना आदरांजली म्हणून ठेवला. वहिनींना पुढच्या रांगेत सोफ्यावर बसवले, शाल दिली, नारळ दिला. शेजारी माझी बायको, मागे मी. दिवे मंद झाले आणि मागच्या पडद्यावर मास्तर आले, एका मजल्याएवढे उंच. भाऊंच्या कॅमेरेवाल्याने घेतलेले मागच्या वर्षीचेच चित्रण, खुर्चीवर बसून वाजवतानाचे. बागभर अकॉर्डियन घुमू लागले, अगदी सफाईदार. लोकांनी माना डोलावल्या.

मास्तरांची बोटे एक सांगत होती आणि आवाज दुसरेच काही. बोटे थांबली तरी आवाज चालू होता.

वहिनींनी थोडा वेळ ऐकले. मग माझ्या बायकोला विचारले, "हे कोण वाजवायलंय?"

भाऊ पुढे झाले, वाकून त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. कॅमेरेवाला सरसावला.

"मावशी, काका आहेत की समोर."

"ते दिसायलेत मला," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी वाजवलेलं कुठं हाय?"

भाऊंनी दाढीवाल्याकडे पाहिले. त्याने खांदे उडवले. त्याच्याकडे नव्हते. कुणाकडेच नव्हते. जुन्या शनिवारांचे कोणी काही ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही. तेव्हा ते दर आठवड्याला होणारच होते. आणि ज्या संध्याकाळी शेकडो फोन वर होते, त्या संध्याकाळी दोन ओळी ट्रॅकखाली बुडाल्या आणि पुढे माइक बंद होता.

वहिनी उठल्या. शाल घडी घालून त्यांनी सोफ्यावर ठेवली, वर नारळ ठेवला, आणि मधल्या वाटेने निघाल्या. बायको त्यांच्यामागे गेली, मीही गेलो. कोणी अडवले नाही. आमच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. फाटकापाशी मी एकदा मागे पाहिले. पडद्यावर मास्तरांचे हात चालले होते, बागेत परका सूर घुमत होता, आणि सगळी कॉलनी फोन उंच धरून तो काळजीपूर्वक साठवून घेत होती.